हौशी धावपटूंनी आधी हळू धावायला शिकावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरू लागला की कोल्हापुरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. रंकाळ्याचा काठ, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, राजाराम तलावाकडचा रस्ता, कळंब्याची वाट अशा सगळ्या ठिकाणी पन्नाशीतल्या व्यापाऱ्यांपासून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलींपर्यंत सर्व प्रकारची माणसे दिसतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र यातली बरीच मंडळी वर्षा-दोन वर्षांत धावणे सोडून देतात, आणि त्याचे कारण बहुधा आळस नसतो. कुणाचा गुडघा, कुणाची नडगी, कुणाची टाच दुखावलेली असते, किंवा एखाद्या शर्यतीचे शेवटचे पाच-सहा किलोमीटर इतक्या हालात गेलेले असतात की पुन्हा त्या वाटेला जाण्याची इच्छाच उरत नाही. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून माझे आयुष्य मैदानावर गेले आणि निवृत्तीनंतरही सकाळचा वेळ या मंडळींबरोबरच जातो, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे असे, की आपल्याकडचे बहुतेक हौशी धावपटू रोजच्या सरावात गरजेपेक्षा जोरात धावतात आणि शर्यतीचे अंतर गरजेपेक्षा लवकर गाठू पाहतात. रंकाळ्यावर कुणी शेजारून पुढे गेला की आपले पाऊल न सांगता वाढते. सोबतचा मित्र आज सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे या गतीने धावला हे मोबाइलवर दिसले की उद्या आपणही सहाच्या आत यायचे, असे मनाशी ठरते. कोल्हापूरकराच्या अंगात ईर्षा आहे आणि ती मैदानात शोभतेही. परंतु रोजच ईर्षेवर धावणारा माणूस शरीराला दुरुस्तीची सवडच देत नाही. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे मैदान उभारले, त्या शहराला ही गोष्ट खरे तर समजावून सांगावी लागू नये. तालमीत नवा मुलगा आला, की वस्ताद त्याला लगेच मैदानातल्या कुस्तीला सोडत नाही. आखाडा खणणे, जोर-बैठका आणि हलकी लढत यांतच त्याचे पहिले महिने जातात, आणि रोजच्या सरावात कुणी निकाली कुस्ती खेळत नाही. धावताना मात्र आपण हे शहाणपण घरी ठेवून येतो आणि बूट विकत घेतल्यापासून तिसऱ्या महिन्यात एकवीस किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनचा बिब, म्हणजे स्पर्धकाचा क्रमांक छापलेला कागद, छातीवर लावतो.

हळू धावल्याने शरीरात नेमके काय घडते हे समजले, तर हळू धावण्याची लाज वाटणार नाही. संथ आणि दीर्घ धावण्याने स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची क्षमता वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि इंधन म्हणून चरबी वापरण्याची शरीराची सवय वाढते. हे सारे बदल धाप न लागणाऱ्या गतीतही होतात, शिवाय त्या गतीने धावलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला उभा राहू शकतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपली सारी पद्धत याच पायावर उभी केली. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी 5000 मीटरचे सुवर्णपदक मिळवले. जेमतेम पावणेदोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठीसुद्धा स्नेल तयारीच्या काळात आठवड्याला शंभर मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर धावत असत. पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने धावणे, रोइंग, स्कीइंग अशा दमसासाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण 80 टक्के सत्रे हलक्या श्रमाची आणि उरलेलीच कठीण असल्याचे आढळले. आपल्या हौशी धावपटूचे सगळे दिवस या दोहोंच्या मधल्या गतीत जातात. ती गती दमछाक करण्याइतकी जोरात असते, पण खरा वेग वाढवण्याइतकी तीव्र नसते.

हलकी गती ओळखण्यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. सोबतच्या माणसाशी न अडखळता पूर्ण वाक्यात बोलता आले, तर गती बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ती जास्त आहे. ज्याची अर्धमॅरेथॉन सव्वादोन तासांत होते, त्याचा शर्यतीतला वेग किलोमीटरला सुमारे 6 मिनिटे 24 सेकंद पडतो, आणि अशा माणसाने रोजच्या सरावात सव्वासात ते आठ मिनिटांच्या पेसने धावावे, यात कमीपणा काहीच नाही. 220 मधून वय वजा करून काढलेला हृदयाच्या कमाल ठोक्यांचा आकडा हा केवळ सरासरी अंदाज असतो आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत तो दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकतो. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात ठोक्यांनुसार दिसणाऱ्या रंगीत पट्ट्यांपेक्षा आपल्या श्वासावर भरवसा ठेवलेला बरा.

दुखापतीचा विषय याहून गंभीर आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावाला प्रतिसाद देऊ लागतात, परंतु स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना बळकट होण्यास महिने लागतात. म्हणूनच दीड-दोन महिन्यांच्या सरावानंतर एक फसवा काळ येतो. दम वाढलेला असतो, पाय मागे राहिलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी अंतर वाढवण्याचा मोह होतो. आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम सर्वांनी ऐकलेला असतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवख्या धावपटूंवर केलेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र सांगतो, की या नियमाने चालणारा गट आणि साधारण कार्यक्रमाने चालणारा गट, दोन्हींत दुखापतींचे प्रमाण सारखेच, म्हणजे साधारण पाचांत एक एवढे होते. त्यानंतर 2025 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला आणि त्यातून वेगळी, अधिक उपयोगाची गोष्ट पुढे आली. मागील तीस दिवसांत आपण एका वेळी सर्वांत जास्त जेवढे अंतर धावलो असू, त्याच्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक धावले, तर दुखापतीचा धोका वाढतो. आठवड्यांच्या बेरजांची तुलना त्या मानाने फारसे काही सांगत नाही.

आपल्याकडच्या रविवारच्या लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावण्याला, ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. आजवर दहा किलोमीटरच्या पुढे न गेलेला माणूस ग्रुपच्या आग्रहाखातर एका सकाळी सोळा किलोमीटर धावतो, सगळे त्याचे कौतुक करतात, मिसळीवर फोटो निघतो, आणि बुधवारपासून त्याची नडगी ठणकू लागते. दहावरून अकरा, अकरावरून बारा असे चढत गेल्यास आणि दर चौथा आठवडा हलका ठेवल्यास सतरा-अठरा किलोमीटरपर्यंत पोहोचायला सुमारे दोन महिने लागतात, आणि अर्धमॅरेथॉनसाठी एवढा सराव पुरेसा असतो. शर्यतीआधी पूर्ण एकवीस किलोमीटर धावून पाहण्याचे काही कारण नाही. जो आज अजिबात धावत नाही, त्याला चालणे आणि धावणे आलटून पालटून करत दहापर्यंत यायलाच तीन-साडेतीन महिने द्यावे लागतील. म्हणजे जानेवारीतल्या शर्यतीची तयारी गणपतीनंतर सुरू करून नवख्या माणसाला भागत नाही. ती पावसाच्या तोंडावरच सुरू व्हायला हवी.

नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून चार दिवस धावणे बहुतेकांना जमते आणि ते पुरते. त्यातला एक दिवस लांब अंतराचा, दोन दिवस निव्वळ हलके, आणि पहिले दोन-तीन महिने नीट पार पडल्यावर चौथ्या दिवशी थोडे वेगाचे काम, एवढेच करावे. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस ताकदीसाठी द्यावेत आणि त्यासाठी जिमची वर्गणी भरलीच पाहिजे असे नाही; आपल्या तालमीतल्या बैठका, एका पायावर उभे राहून टाचा उचलणे आणि पायरीवर चढ-उतार करणे यांनी मांड्या, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर चांगली तयार होते. जोरही काढावेत, कारण दोन तास धावताना खांदे आणि पाठ ताठ धरून ठेवण्याचे कामसुद्धा शरीराला करावे लागते.

कोल्हापूरचे अनेक धावपटू सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जातात, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. त्या शर्यतीत यवतेश्वरच्या घाटाने वर चढायचे आणि त्याच रस्त्याने खाली यायचे असते. तयारी करताना सगळ्यांचे लक्ष चढाकडे असते, मात्र मांड्यांची खरी नासाडी उतारावर होते, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचे वजन रोखून धरावे लागते. या प्रकारच्या श्रमाची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही; उलट, शर्यतीआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत दोन-तीनदा जरी बेताने उताराचा सराव झाला, तरी पुढच्या वेळी होणारी इजा लक्षणीय कमी होते. आपल्याला जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याचा रस्ता हाताशी आहे. तिथे चढ चालत चढला तरी चालेल, पण उतार लहान पावले टाकत, गुडघे थोडे वाकवून, न घाबरता धावत उतरण्याची सवय करावी. पावसात शेवाळलेल्या कडेला मात्र हा प्रयोग करू नये.

पूर्ण मॅरेथॉनचे, म्हणजे 42.195 किलोमीटरचे गणित निराळे आहे. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जो साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, तो साधारण दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास भरतो. उरलेली गरज चरबी भागवते, परंतु गती जितकी जास्त तितका साखरेचा वाटा अधिक, आणि म्हणूनच पहिले दहा किलोमीटर उत्साहात पळालेला माणूस तीस-बत्तिसाव्या किलोमीटरला एकाएकी बसतो. अशा वेळी त्याला जिद्द कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे इंधन संपलेले असते. यावर उपाय दोनच आहेत. सुरुवात आवरून करायची आणि धावता धावता तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात घालत राहायची. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे 25 ग्रॅम कर्बोदके असतात, आणि गूळ म्हणजे तर बहुतांशी साखरच. तेव्हा गुळासाठी नाव असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने धावताना खायचे साखरेचे परदेशी जेलच घेतले पाहिजे असे नाही. जे घ्यायचे ते आधी लाँग रनमध्ये घेऊन पोटाला सवय लावावी, एवढे पथ्य पाळावे. शर्यतीच्या आदल्या रात्री तांबड्या रश्श्याचा मोह टाळावा, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणी ना कुणी तो टाळत नाही.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे अजून जुनाच समज आहे, की जितके प्याल तितके चांगले. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेले आढळले, आणि त्यामागचे एक प्रमुख कारण शर्यतीत प्रमाणाबाहेर पाणी पिणे हे होते. संथ धावणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो. तहान लागेल तसे प्यावे आणि लांब अंतराला मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ओआरएस सोबत ठेवावे. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहण्याची पद्धत अलीकडे पसरते आहे, ती तर सरळ बंद व्हावी. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि दुखणे झाकले गेल्यामुळे माणूस दुखावलेल्या पायावर धावत राहतो.

धावताना कुणी कोसळल्याची बातमी आली की घरोघरी धावणेच बंद करण्याची चर्चा सुरू होते, म्हणून एक आकडेवारी सांगतो. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख सहभागींची पाहणी झाली, तेव्हा त्यांत हृदयक्रिया बंद पडण्याच्या 59 घटना आढळल्या. प्रमाण फारच अल्प आहे, पण ते शून्य नाही, आणि आपल्याकडे हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात गाठतो हेही खरे आहे. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल त्यांनी सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीत दडपण येणे, चक्कर येणे किंवा नेहमीच्याच गतीला अवाजवी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे. त्या दिवशी ग्रुपने कितीही टाळ्या वाजवल्या तरी पुढे जाऊ नये. ताप असताना धावण्याचा पराक्रमही कुणी करू नये.

आता उत्साह टिकवण्याविषयी. पहिल्या वर्षी पदकाचे आकर्षण पुरते, दुसऱ्या वर्षी ते पुरत नाही, कारण शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकालाच ते मिळते आणि घरातल्या खिळ्यावर पाच-सहा पदके लटकली की पुढच्यासाठी पहाटे साडेचारला उठावेसे वाटत नाही. त्यापेक्षा आठवड्याचे चार दिवस चुकवायचे नाहीत एवढेच उद्दिष्ट ठेवणारे लोक वर्षानुवर्षे धावताना मी पाहतो. वेळ कमी करण्याचे ध्येय कधीतरी थांबतेच, कारण वय वाढते. नियमितपणाचे ध्येय सत्तरीतही पाळता येते. दुसरी गोष्ट सोबतीची. पन्नास जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपेक्षा, ठरलेल्या वेळी विद्यापीठाच्या फाटकाशी आपली वाट पाहत उभा असलेला एक माणूस अंथरुणातून उठवायला जास्त उपयोगी पडतो. आजारपणाने, लग्नकार्याने किंवा शेतीच्या कामाने दहा-बारा दिवसांचा खंड पडला तर फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते बुडालेले किलोमीटर एका आठवड्यात भरून काढायला गेल्यावर. आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीला पोरखेळ समजणे आपण सोडले पाहिजे. दहा किलोमीटर मन लावून, शेवटपर्यंत एकसारख्या गतीने धावणे हे रडतखडत एकवीस पूर्ण करण्यापेक्षा अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक मानाचेही.

याच संदर्भात आपल्या भागाच्या एका धावपटूची आठवण करून द्यावीशी वाटते. शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्या अंतरापेक्षा थोडी लांब, 42.75 किलोमीटरची होती. पदक न मिळवताही ज्याचे नाव शंभर वर्षांनी घ्यावे असा हा माणूस इथून दोन-अडीच तासांच्या अंतरावरचा होता, हे आपल्या शाळांतील किती मुलांना ठाऊक असेल? आपल्या दैनिकाने कधीतरी त्यांच्यावर लिहावे.

महिला धावपटूंच्या दोन अडचणी स्वतंत्रपणे मांडायला हव्यात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आहे. म्हणजे सराव करूनही दम वाढत नाही अशी तक्रार करणाऱ्या स्त्रीला अधिक धावण्याचा सल्ला देण्याआधी हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासायला सांगितले पाहिजे. दुसरी अडचण उजेडाची. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांचे काही तुकडे पूर्ण अंधारात असतात आणि मोकाट कुत्र्यांचा त्रास असतो तो वेगळाच. घरून निघताना स्त्रीला जो विचार करावा लागतो, तो पुरुषाला करावा लागत नाही, आणि त्यापायी कितीतरी जणी सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारत राहतात. ज्या मोजक्या मार्गांवर रोज पहाटे माणसे धावतात, तेवढ्या मार्गांवर तरी पहाटेपर्यंत दिवे चालू राहावेत.

शेवटी स्पर्धांच्या संयोजकांना एक विनंती. नावनोंदणीच्या अर्जात टी-शर्टचे माप विचारले जाते, रक्तगट विचारला जातो, त्याच अर्जात आणखी एक प्रश्न असावा: गेल्या तीस दिवसांत आपण सलग जास्तीत जास्त किती किलोमीटर धावला आहात? ज्याचे उत्तर बारा किलोमीटरच्या आत असेल, त्याला एकवीसऐवजी दहाच्या शर्यतीत जाण्याची मुभा स्पर्धेच्या दोन आठवडे आधीपर्यंत, जादा शुल्क न घेता द्यावी. बिब बदलून देण्याचे काम वाढेल हे खरे, पण रुग्णवाहिकेजवळची गर्दी थोडी कमी होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर